कोळंबीचं कायटिन की माकुलाचं? सॉल्व्हंट ओतायच्या आधी सुरुवातीची क्रिस्टल रचना नक्की कशी करायची

कोकणातल्या कॉलेजांत एमएस्सीच्या प्रोजेक्टला कायटिन (कोळंबीच्या कवचात आणि माकुलात, म्हणजे स्क्विडमध्ये, मिळणारा लांब साखळ्यांचा पॉलिमर) घेणारं कोणीतरी असतंच, आणि घ्यावंच, कच्चा माल बंदरावर पडलेला असतो. पण सॉल्व्हंटने कायटिनची क्रिस्टल रचना कशी बदलते हा विषय घेतला की बहुतेक रिपोर्ट एकाच जागी गडबडतात. एकजण लिहितो मिथेनॉलचा काही परिणाम झाला नाही, दुसरी लिहिते पीक (एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी क्रिस्टलची मांडणी बघायच्या चाचणीच्या आलेखातलं टोक) सरकला, आणि दोघांच्याही मटेरियल्सच्या यादीत नुसतं 'कायटिन' एवढंच लिहिलेलं असतं. ते कोळंबीचं होतं की माकुलाचं, साफ करताना किती कडक अॅसिड वापरलं, एक्सआरडीला गेलं तेव्हा कोरडं होतं की सर्दलेलं, यातलं काहीच नाही. अशा दोन रिपोर्टांची तुलनाच होऊ शकत नाही.

म्हणून हा सगळा क्रम सविस्तर लिहितोय. मुद्दा एकच आहे, सॉल्व्हंट काय करणार हे नुसत्या सॉल्व्हंटवर ठरत नाही, पॉलिमर कुठल्या रचनेतून निघालाय त्यावरही ठरतं, त्यामुळे ती सुरुवातीची रचना आधी ओळखायची, मग जपायची, आणि मगच बाटली उघडायची.

कामापुरती थिअरी

कोळंबी, खेकडा यांच्या कवचात आल्फा कायटिन असतं. त्यात शेजारशेजारच्या साखळ्या उलटसुलट दिशेने लागलेल्या असतात आणि साखळ्यांचे थर एकमेकांना हायड्रोजन बंधांनी बांधलेले असतात. माकुलाच्या अंगात जी पारदर्शक, पिसासारखी पट्टी निघते तिच्यात बीटा कायटिन असतं. त्यात सगळ्या साखळ्या एकाच दिशेने, आणि थरांच्या आत हायड्रोजन बंध असले तरी दोन थरांच्या मध्ये ते नसतात. त्यामुळे पाणी, मिथेनॉल, अमाइन (नायट्रोजन असलेली सेंद्रिय संयुगं) असे रेणू बीटाच्या थरांमध्ये शिरतात, थर लांब सरकतात, आणि तो रेणू काढून टाकला की थर परत जवळ येतात. आल्फात पाणी आणि साधे अल्कोहोल क्रिस्टलच्या आत जाऊ शकत नाहीत.

दुसरा बदल यापेक्षा वेगळा. कडक अॅसिड किंवा कडक अल्कलीत बीटा इतकं फुगतं की साखळ्यांची मांडणीच सुटते, आणि धुतल्यावर ती आल्फा म्हणून बसते. हा रस्ता एकेरी आहे. आल्फा जास्त स्थिर, त्यामुळे सॉल्व्हंट वापरून आल्फाचं परत बीटा करता येत नाही.

पहिला बदल परतीचा, दुसरा बिनपरतीचा. ही दोन खाती डोक्यात वेगळी ठेवा, खालचं सगळं त्यावरच उभं आहे.

१. माल गोळा करणं

माकुलाच्या पट्ट्या मे संपायच्या आत गोळा करा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नेमकं तेव्हाच नवीन वर्षाचे प्रोजेक्ट सुरू होऊन पोरं हर्णै नाहीतर मिरकरवाड्याला जाऊन रिकाम्या हाताने परत येतात. मासे साफ करून देणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर त्या पट्ट्या वेगळ्या काढून देतात. लहान माकुलाची पट्टी वाळल्यावर एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, त्यामुळे दहा ग्रॅम कोरडा माल हवा असेल तर बऱ्याच पट्ट्या लागतात, त्या हिशेबाने सांगा.

इथे एक घोळ नेहमी होतो. माकूल म्हटलं की काहीजण समुद्रफेस उचलून आणतात, तो पांढरा, खडूसारखा ठिसूळ तुकडा. त्यात बीटा कायटिन आहे खरं, पण जवळजवळ सगळा चुना, आणि तो काढायला अॅसिड जास्त लागतं. आपल्याला हवी ती पातळ, वाकणारी, प्लास्टिकसारखी दिसणारी पट्टी.

कोळंबीची सालं शक्यतो एकाच जातीची आणि एकाच दिवशीची घ्या, डोकी काढून टाका. मीठ लावलेला माल नको, मिठाचे पीक एक्सआरडीत टोकदार उभे राहतात आणि मग उगाच गोंधळ होतो.

घरी आणल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवा, पट्टीवरचा बुळबुळीत पडदा नखाने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून काढा आणि सावलीत वाळवा. फ्रीजरच्या भरवशावर ओला माल आठवडाभर ठेवू नका, पावसाळ्यात लाइट गेली की माल कुजतो.

तपासणी: वाळलेली पट्टी उजेडाकडे धरा. आरपार दिसली पाहिजे. पांढरे, दुधी डाग असतील तिथे पडदा राहिलाय.

२. साफ करणं, आणि इथेच बीटा मरतं

सगळ्यात जास्त प्रोजेक्ट या पायरीवर वाया जातात. कोळंबीच्या सालाची कृती कुठूनतरी मिळते आणि तीच जशीच्या तशी माकुलाला लावली जाते. दोन्ही मालांची घडण वेगळी आहे. कोळंबीच्या कोरड्या सालात ढोबळमानाने पाव भाग कायटिन, बाकी प्रोटीन आणि चुना. माकुलाच्या पट्टीत साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्त कायटिन, आणि उरलेलं जवळपास सगळं प्रोटीन, चुना नावालाच. मग तिला तासन्‌तास अॅसिडमध्ये ठेवायचं कारणच काय?

*कोळंबीसाठी.* दहा ग्रॅम कोरडी सालं, कात्रीने किंवा मिक्सरमध्ये जाडसर करून, १ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या दीडशे मिलीत रूम टेंपरेचरला. अॅसिड थोडं थोडं ओता, फेस जोरात येतो आणि भांड्याबाहेर जातो. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, थांबले की ताज्या अॅसिडमध्ये एकदा परत घाला. पुन्हा बुडबुडे आले तर चुना शिल्लक आहे. मग धुवून १ नॉर्मल कॉस्टिक सोड्यात, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम, ७० ते ८० डिग्रीला दोनेक तास. सोडा बदलून परत. रंग राहिला तर शेवटी अॅसिटोनने धुवा, तो केशरी रंग अॅस्टाझँथिनचा असतो आणि अॅसिटोनमध्ये उतरतो.

*माकुलासाठी.* पट्टीचे कात्रीने छोटे तुकडे करा आणि सरळ १ नॉर्मल कॉस्टिक सोड्यापासून सुरुवात करा, तेच तापमान, सोडा दोन-तीनदा बदलून. अॅसिड हवंच असेल तर शेवटी सौम्य, १ नॉर्मलच्या वर नाही, थंड, अर्धा तास पुरे.

सावधान: कृतीत कुठे '३०-४० टक्के सोडा' दिसला तर थांबा. ३० टक्क्यांच्या आसपास बीटाचं आल्फा होतं, आणि ४०-५० टक्के सोड्यात उकळलं की अॅसिटिल गट निघून कायटोसान होतं. मग तुम्ही सॉल्व्हंटचा अभ्यास करताय असं वाटत राहतं, आणि बदल तर साफसफाईतच होऊन गेलेला असतो.

अॅसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही. लॅबमधल्या कडक हायड्रोक्लोरिकपासून १ नॉर्मल करायला लिटरमागे साधारण ८५ ते ९० मिली लागतं.

तपासण्या तीन, तिन्ही कराच:

– शेवटच्या सोड्याच्या धुवणावर बाययुरेट टेस्ट. जांभळट रंग आला तर प्रोटीन अजून निघतंय, परत सोडा.

– एक तुकडा १ टक्का अॅसिटिक अॅसिडमध्ये टाका आणि रात्रभर ठेवा. विरघळला तर ते कायटिन राहिलेलं नाही, कायटोसान झालंय.

– धुवणाचा पीएच नळाच्या पाण्याशी नाही, डिस्टिल्ड वॉटरशी जुळवा.

शेवटचं बारीक करणं. कोरडा बीटा बॉल मिलमध्ये तासभर घालून त्याची पीठी करणारे असतात. दळून दळून क्रिस्टलच मोडतात, पीक पसरट होतात, आणि मग त्या मोडक्या मालात सॉल्व्हंट पटकन शिरला तर तो रचनेचा गुण की दळण्याचा, हे सांगता येत नाही. कात्रीने बारीक तुकडे करा, वेळ लागला तरी चालेल.

३. वाळवणं आणि आपली दमट हवा

हा भाग कोकणाबाहेरच्या कृतींमध्ये सापडत नाही म्हणून जरा रेंगाळतो. बीटा कायटिन हवेतलं पाणी क्रिस्टलच्या आत घेतं. अगदी कोरडं असताना थरांमधलं अंतर साधारण ९.२ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), एक पाणी घेतलेल्या मोनोहायड्रेटमध्ये सुमारे १०.४, आणि दोन पाणी घेतलेल्या डायहायड्रेटमध्ये ११.१ च्या आसपास. म्हणजे सॉल्व्हंट लावायच्या आधीच, नुसत्या हवेने, रचना दोन पायऱ्या चढू शकते. जुलैत रत्नागिरीच्या लॅबमध्ये उघड्या पेट्रीडिशमध्ये ठेवलेली पट्टी आणि एप्रिलमध्ये डेसिकेटरमधून (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यातून) काढलेली पट्टी हे तुमच्या प्रयोगासाठी दोन वेगळे सुरुवातीचे पदार्थ आहेत.

करायचं असं. सगळा माल १०५ डिग्रीला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये घाला, सिलिका जेल निळं आहे ना ते बघा (गुलाबी झालेलं जेल शोभेचं). नंतर तीन भाग करा. एक भाग कोरडाच ठेवा. दुसरा ठराविक दमटपणात ठेवा, त्यासाठी बंद बरणीत तळाला मिठाचं संपृक्त द्रावण आणि वर जाळीवर नमुना. साध्या मिठाचं द्रावण २५ डिग्रीला ७५ टक्के दमटपणा देतं, मॅग्नेशियम क्लोराइडचं ३३ टक्के, पोटॅशियम सल्फेटचं ९७ टक्के. तिसरा भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून.

तपासणी: बरणीतल्या नमुन्याचं वजन रोज एकाच वेळी करा. सलग दोन दिवस फरक पडला नाही म्हणजे समतोल आला. तळाला न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे, दिसेनासं झालं तर दमटपणाचा आकडा खोटा.

४. सुरुवातीची ओळख: एक्सआरडी आणि आयआर

या पायरीआधी सॉल्व्हंटला हात लावायचा नाही.

पहिली चूक मशीनवर होते. आपल्याकडून नमुने कोल्हापूर, पुणे, मुंबईला जातात आणि फॉर्मवर रेंज लिहिली नसेल तर ऑपरेटर नेहमीच्या सवयीने १० ते ८० डिग्री टू-थीटा (एक्सआरडीच्या आलेखातला कोन) स्कॅन लावतो. आपला सगळ्यात महत्त्वाचा पीक १० च्या खाली आहे! कोरड्या बीटाचा सुमारे ९.६ ला, मोनोहायड्रेटचा ८.५ ला, डायहायड्रेटचा ८.० ला, आणि आल्फाचा ९.३-९.४ ला, हे कॉपरच्या के-आल्फा किरणांसाठी. फॉर्मवर ठळक लिहा, ५ ते ४० डिग्री, सावकाश स्कॅन. अमाइन घातलेले नमुने असतील तर ३ पासून, कारण मोठा रेणू आत गेला की पीक अजून खाली सरकतो.

दुसरी चूक आकडे वाचताना. वरचे आकडे परत बघा, कोरडं बीटा ९.६ आणि आल्फा ९.४. माकुलाचे पीक मुळात रुंद असतात, त्यात हा ०.२ चा फरक नमुना होल्डरमध्ये किंचित वर-खाली बसला तरी पुसला जातो. त्यामुळे कोरड्या नमुन्याच्या एका पीकवरून आल्फा की बीटा ठरवूच नका.

मग ठरवायचं कसं? भिजवून. तोच नमुना पाण्यात भिजवा, वरचं पाणी टिपकागदाने टिपा, पातळ पॉलिमर फिल्मने झाका आणि ओलाच स्कॅन करा. पीक ८ च्या दिशेने सरकला तर बीटा, जागेवर राहिला तर आल्फा. दोन पीक दिसले, एक सरकलेला आणि एक जागेवर, तर मिश्रण, म्हणजे साफ करताना थोडं बीटा आल्फा होऊन बसलंय. या एका चाचणीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे आणि तिला खर्च फक्त एका जादा स्कॅनचा. झाकायच्या फिल्मचा रिकामा स्कॅन वेगळा घ्यायला मात्र विसरू नका, तिचे स्वतःचे पीक असतात.

जोडीला वरच्या भागाकडे बघा. आल्फात १९.२ च्या मोठ्या पीकशिवाय १२.७ आणि २३ च्या आसपास छोटे पण वेगळे पीक दिसतात. माकुलात २० च्या जवळ एक पसरट टेकाड असतं.

आयआरमध्ये, म्हणजे इन्फ्रारेड शोषणाच्या आलेखात, कायटिनच्या अमाइड गटाचा अमाइड-एक पट्टा बघायचा. आल्फात तो दुभंगतो, १६६० आणि १६२० प्रति सेंटीमीटरच्या आसपास दोन टोकं. बीटात तिथे एकच पट्टा येतो. पण पाण्याचा स्वतःचा पट्टा १६४० ला आहे, बरोबर मध्ये, त्यामुळे ओल्या नमुन्याचा आयआर बघून आल्फा-बीटा ठरवू नका, कोरडाच घ्या. आणि पावसाळ्यात पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी करण्यापेक्षा एटीआर (गोळी न करता नमुना थेट दाबून घेतलेला आयआर) मिळत असेल तर तेच वापरा, गोळी पाणी ओढून दुधी होते.

पार्सलबद्दल. नमुना आंबा घाटातून कोल्हापूरला जाईपर्यंत तो तुमच्या बरणीतल्या दमटपणात राहत नाही. कोरडे नमुने सील केलेल्या पाकिटात सिलिका जेलच्या पुडीसोबत, ओले नमुने त्याच सॉल्व्हंटच्या चार थेंबांसह घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत. जमत असेल तर स्वतः घेऊन जा आणि ओले स्कॅन समोर करून घ्या.

५. तिसरा नमुना तयार करणं, जो सगळे विसरतात

समजा कोळंबीचा आल्फा आणि माकुलाचा बीटा यांना मिथेनॉल लावलं आणि फरक दिसला. हा फरक रचनेमुळे, असं म्हणता येईल? नाही, कारण दोन मालांत आणखी बरंच वेगळं आहे, क्रिस्टलचा आकार, उरलेलं प्रोटीन, पोत. म्हणून माकुलाच्याच काही भागाचं मुद्दाम आल्फा करून तिसरा नमुना घ्यायचा. प्राणी तोच, साफसफाई तीच, रचना वेगळी. हा नमुना असल्याशिवाय निष्कर्षात 'रचनेमुळे' हा शब्द लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

पद्धत: कॉस्टिक सोडा ३० टक्के, वजनाला वजन, म्हणजे ३० ग्रॅम सोडा आणि ७० ग्रॅम पाणी. शंभर मिली द्रावणात ३० ग्रॅम असं केलंत तर ते सुमारे ७.५ नॉर्मल होतं, आणि आपल्याला हवं ते जवळपास १० नॉर्मल. हा घोटाळा फार जणांचा होतो आणि मग बदल अर्धवट राहतो. द्रावण बर्फात ठेवून थंड करा, करतानाच ते भयंकर तापतं. बीटाचे तुकडे त्यात थंड तापमानाला काही तास ठेवा, गरम करू नका, नाहीतर अॅसिटिल गट सुटतात. तुकडे फुगून जेलीसारखे होतात. त्या अवस्थेत पीक अस्पष्ट झाले तर घाबरू नका, नवी मांडणी धुताना बसते. भरपूर थंड पाण्यात ओता आणि पीएच उतरेपर्यंत धुवा.

अॅसिडचा रस्ताही आहे, साधारण ७ ते ८ नॉर्मल हायड्रोक्लोरिक, म्हणजे दोन भाग कडक अॅसिड आणि एक भाग पाणी. पण अॅसिड साखळ्या तोडतं, माल हातातून जातो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी सोड्याचाच घ्यावा.

सावधान: चष्मा, हातमोजे, आणि हे काम एकट्याने करू नये. कडक सोडा डोळ्यात गेला तर अॅसिडपेक्षा वाईट.

तपासणी: धुतलेल्या मालावर पायरी ४ ची भिजवण्याची चाचणी. पीक आता सरकता कामा नये. आयआरमध्ये १६६० आणि १६२० ची जोडी उमटली पाहिजे. अॅसिटिक अॅसिडची चाचणीही परत करा.

६. आता सॉल्व्हंट

नमुने तीन: कोळंबीचं आल्फा, माकुलाचं बीटा, माकुलाचं केलेलं आल्फा. सॉल्व्हंट कमीच ठेवा, चार पुरेत, पण त्यांचा क्रम सौम्याकडून कडकाकडे.

*पाणी.* हे झालंच आहे, तेच तुमचं मूळ.

*मिथेनॉल किंवा इथेनॉल.* कोरडा नमुना बंद बाटलीत, मिथेनॉल मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर) ठेवलेलं. बाटली उघडी राहिली की हवेतलं पाणी आत येतं आणि मग बीटाच्या थरांत पाणी गेलं की मिथेनॉल, ते सांगता येत नाही. दोन्ही आल्फा इथे शांत राहायला हवेत. केलेलं आल्फा सरकलं तर पायरी ५ अर्धवट झाली आहे, मागे जा.

*अमाइन.* ब्युटिलअमाइन किंवा हेक्सिलअमाइन. कार्बनची साखळी लांब तसं बीटाचे थर जास्त उघडतात आणि हे वाढणं साखळीच्या लांबीशी बरंच सरळ रेषेत जातं, म्हणून दोन-तीन अमाइन घेतली तर छान ग्राफ मिळतो. कोरड्या बीटात मोठा रेणू थेट घालण्यापेक्षा आधी मिथेनॉलने फुगवा, मग ते मिथेनॉल अमाइनने दोन-तीनदा बदला. जो रस्ता घ्याल तो तिन्ही नमुन्यांना सारखाच द्या.

इथे आल्फाबद्दल एक गैरसमज. पाण्याला आणि अल्कोहोलला ते दाद देत नाही म्हणून ते कशालाच देत नाही असं धरून चालू नका. अॅलिफॅटिक अमाइनं आल्फाच्या क्रिस्टलमध्येही शिरून कॉम्प्लेक्स करू शकतात, कुठलं अमाइन आणि किती तापमान यावर ते ठरतं. त्यामुळे आल्फात पीक हलला तर आधी प्रयोग चुकला असं समजून डेटा फेकून देऊ नका. धुवून बघा. अमाइन मिथेनॉलने काढल्यावर आल्फाचं आल्फाच आणि बीटाचं बीटाच परत यायला हवं, कारण साखळ्यांची दिशा यात बदललेली नसते.

सावधान: अमाइनचं सगळं काम फ्यूम हूडमध्ये, ती ज्वलनशील आहेत आणि श्वासाला वाईट. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्यांची रिअॅक्शन होऊन नमुन्यावर पांढरी खपली धरते, आणि त्या खपलीचे टोकदार पीक एक्सआरडीत येतात. ते बघून 'नवीन फेज मिळाली' असं लिहिलेलं मी वाचलंय. उघड्यावर ठेवलेल्या अमाइनच्या नुसत्या थेंबाचा, कायटिनशिवाय, एक स्कॅन घेतला की खपली ओळखू येते.

*फॉर्मिक अॅसिड.* हे सगळ्यात शेवटी. बीटा त्यात फुगून विरघळायला लागतं, आल्फा सहजी विरघळत नाही. विरघळलेलं पाण्यात ओतून परत काढलं की आल्फा मिळतं. सुरुवातीच्या रचनेचा परिणाम इथे डोळ्यांना दिसतो: दोन टेस्ट ट्यूबमध्ये सारखं वजन, सारखं फॉर्मिक अॅसिड, माकुलाची ट्यूब घट्ट पाकासारखी होत जाते आणि कोळंबीच्या ट्यूबमध्ये तुकडे तळाला बसून राहतात.

प्रत्येक सॉल्व्हंटला वेळेचे किमान तीन टप्पे ठेवा, उदाहरणार्थ एक तास, एक दिवस, एक आठवडा. एकाच वेळेला बघितलं तर 'झालं नाही' आणि 'अजून झालं नाही' यात फरक करता येत नाही.

७. मोजायचं कधी: ओलं, धुतलेलं, वाळलेलं

प्रत्येक नमुन्याचे तीन स्कॅन. सॉल्व्हंटमध्ये भिजलेला असताना, सॉल्व्हंट धुवून पाण्यात असताना, आणि १०५ डिग्रीला वाळवल्यावर. फक्त शेवटचा घेणारे बरेच, आणि त्यांना बीटामध्ये मिथेनॉलचा परिणाम कधीच दिसत नाही, कारण वाळवताना मिथेनॉल उडून जातं आणि थर परत ९.२ अँगस्ट्रॉमवर येतात. परतीचा बदल परत गेल्यावर मोजला तर शून्यच मिळणार.

वाचायचं असं: भिजलेला असताना सरकला, धुवून पाण्यात डायहायड्रेटच्या जागी आला, वाळल्यावर मूळ जागी आला, तर रेणू आत जाऊन बाहेर आला. धुतल्यावर पाण्यात असूनही ९.४ डिग्रीलाच अडकला, तर बीटाचं आल्फा झालं.

आणि आल्फापासून निघून आल्फावरच आलेल्या नमुन्याला 'काही झालं नाही' म्हणायच्या आधी पीकची रुंदी आणि वजन बघा. कडक सॉल्व्हंटमध्ये आल्फाचा काही भाग विरघळून परत आल्फा म्हणूनच बसू शकतो, जागा तीच राहते पण पीक रुंद होतो किंवा माल कमी भरतो.

८. नोंद आणि विल्हेवाट

प्रत्येक बाटलीवर प्राणी, साफ करायचं सगळ्यात कडक द्रावण, शेवटचं वाळवणं, स्कॅनच्या वेळची अवस्था. 'नमुना अ, ब, क' असं नुसतं नको, दोन महिन्यांनी क म्हणजे काय ते कोणालाच आठवत नाही.

अॅसिड आणि सोडा एकमेकांत सावकाश घालून पीएच सातच्या आसपास आणा, मगच सिंकमध्ये. अमाइन आणि मिथेनॉल वेगळ्या कॅनमध्ये साठवा. लॅबच्या मागच्या पऱ्यात काही ओतायचं नाही, तो पऱ्या पुढे खाडीलाच मिळतो आणि तिथे लोक कालवं काढतात.

मे हुकला तर

माकूल मिळालंच नाही तर नायलॉन-६ च्या जाळ्याच्या धाग्यावर हाच क्रम चालतो. त्यातही आल्फा आणि गॅमा अशा रचना आहेत, एक्सआरडीत आल्फाचे दोन पीक २० आणि २४ च्या आसपास, गॅमाचा मुख्य एकच २१ च्या थोडा पुढे. आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात ठेवून, नंतर सोडियम थायोसल्फेटने आयोडीन काढून टाकलं की आल्फाचं गॅमा होतं, आणि फिनॉलच्या पाण्याने गॅमाचं परत आल्फा. म्हणजे कायटिनमध्ये जो रस्ता एकेरी आहे तो इथे दोन्हीकडून उघडा आहे.

धागा कोरा घ्या, वापरलेलं जाळं नको, उन्हाने ते खराब झालेलं असतं. आणि आणलेला धागा नायलॉनच आहे ना ते आधी बघा, कारण बंदरावर पॉलिथिलीनचे दोरही तितकेच विकतात. बादलीत एक तुकडा पाण्याखाली दाबा, चिकटलेली हवा बोटांनी काढा आणि सोडा. नायलॉन बुडतं, पॉलिथिलीन वर येतं. फिनॉल मात्र कातडी जाळतं आणि कातडीतून अंगात जातं, त्यामुळे नेहमीचे पातळ हातमोजे त्याला पुरत नाहीत, ती पायरी सरांना किंवा मॅडमना शेजारी उभं करूनच करा.